क्रम चुकला तर

आधी मोहरी, मग जिरं, मग हिंग, हळद सगळ्यात शेवटी. हळद आधी पडली तर करपते, मोहरी मागून पडली तर न तडतडता कडू राहते. चार जिनसांचे क्रम २४; त्यातला खाण्याजोगा एखाददुसराच. त्याच आमटीत मीठ आधी घाला की गूळ आधी, तिला काही फरक पडत नाही.

बीजगणितात माझं मन रमतं ते याच प्रश्नावर: क्रम बदलला तर कुठे बिघडतं आणि कुठे नाही? शाळेत अब (अ गुणिले ब) चं बअ केलं तरी चालायचं. कॉलेजात मॅट्रिक्स, म्हणजे संख्यांचे चौकोनी तक्ते, आली आणि ते सुख गेलं. दहा अक्षरं एकेकदा घेऊन गुणाकार मांडायचे तर ३६,२८,८०० क्रम होतात. नियम काहीच नसेल तर हे सगळे वेगळे. क्रमाला किंमतच नसेल तर सगळे मिळून एक. खरी गंमत या दोघांच्या मधे आहे.

साधी २×२ मॅट्रिक्स घ्या. अब आणि बअ वेगळे येतात हे खरं, पण त्यांच्या वजाबाकीचा वर्ग करून बघा. त्या वजाबाकीत कर्णावरच्या दोन संख्यांची बेरीज नेहमी शून्य येते, म्हणून वर्ग केला की कर्णावर दोन्हीकडे एकच संख्या उरते आणि बाकी शून्य. असल्या मॅट्रिक्सने दुसऱ्या कुठल्याही मॅट्रिक्सला आधी गुणा नाहीतर नंतर, उत्तर तेच. म्हणजे बेशिस्तीच्या पोटातही एक कायम पाळला जाणारा नियम निघालाच.

आणि असा एक नियम पुरतो! इस्रायलचे अमिताई रेगेव यांनी १९७२ साली दाखवलं की नियम कितीही लांबलचक आणि विचित्र असो, तो एकदा लागू झाला की खरोखर वेगळ्या, म्हणजे नियम वापरून इतरांपासून मिळत नाहीत अशा, गुणाकारांची संख्या क्रमगुणितासारखी (वरच्या ३६,२८,८०० सारखी) उधळत नाही. फार तर घातांकी वेगाने वाढते, म्हणजे दर नव्या अक्षरामागे साधारण ठरावीक पटीने; ही पट म्हणजेच वेग. पुढे १९९९ मध्ये जांब्रुनो आणि झायत्सेव यांनी सिद्ध केलं की हा वेग नेहमी पूर्णांकच असतो. २×२ मॅट्रिक्ससाठी तो ४. दर अक्षरामागे दीडपट वाढ कुठेच सापडत नाही. का सापडू नये? सिद्धता वाचूनही मला हे जरासं अन्यायाचंच वाटतं.

ग्रासमन या जर्मन गणितीच्या बीजगणितात, म्हणजे त्याने मांडलेल्या गुणाकाराच्या एका निराळ्या पद्धतीत, हा वेग २ आहे: दहा अक्षरांचे वेगळे गुणाकार ५१२. नियम असा की कुठल्याही दोघांच्या अब आणि बअची वजाबाकी तिसऱ्या कुणाशीही जागा बदलू शकते. खरं सांगायचं तर पहिल्या वाचनात हा डोक्यात शिरत नाही. पण प्रत्येक घटकावर सम किंवा विषम अशी चिठ्ठी चिकटवा, म्हणजेच बीजगणित ग्रेडेड करा, की तोच नियम तोंडपाठ होतो: सम कुणाशीही जागा बदलतो, दोन विषमांनी जागा बदलली की फक्त चिन्ह पालटतं. आता मोजणी ५१२ वरून १०२४ वर जाते, कारण दहा अक्षरांना चिठ्ठ्या १०२४ प्रकारे लागतात आणि दर प्रकारात गुणाकार एकच उरतो. आकडा दुप्पट झाला, वेग मात्र २ चा २ च. असा सौदा मी कधीही करीन.

हेर्मान ग्रासमन हे श्टेटिनचे शाळामास्तर. ते गाव आज पोलंडात आहे. १८४४ साली त्यांनी या विषयावर ग्रंथ काढला. तो खपला नाही, उरलेल्या प्रती रद्दीत गेल्या. मास्तर संस्कृतकडेही वळले आणि १८७३ ते १८७५ या काळात त्यांनी ऋग्वेदाचा कोश छापला. तो मात्र विद्वानांनी डोक्यावर घेतला.

आपल्याकडचे घनपाठी त्याच ऋचांचे शब्द एक-दोन, दोन-एक, एक-दोन-तीन, तीन-दोन-एक, एक-दोन-तीन असे म्हणत जातात. मास्तरांना ते कुणी ऐकवायला हवं होतं. तिथे एकही क्रम दुसऱ्यात जिरवता येत नाही, चिन्ह बदलूनसुद्धा नाही.