आठवड्याची सुट्टी

"आठवडाभर सुट्टी आहे ना रे, मग इकडे का नाही आलास?" आईने व्हिडिओ कॉलवर इंग्लंडमधल्या नातवाला, म्हणजे दादाच्या मुलाला, विचारलं. तो फिरायला वेल्समधे, कॉनवीच्या किल्ल्यावर, कानटोपी घालून. म्हणाला, "आजी, दोन दिवस तर येण्याजाण्यातच जातील, आणि दिवाळी पण संपली ना." आई गप्पच झाली. नंतर दादाच्या पोरांसाठी वेगळ्या काढलेल्या चकल्या तिने शेजारी देऊन टाकल्या, मला फार लागलं ते.

पोरगं बोललं ते खरंच आहे. इंग्लंडमधल्या बहुतेक शाळांची ही सत्रामधली आठवडाभराची सुट्टी २०२५ मधे २७ ते ३१ ऑक्टोबर होती, आपली दिवाळी त्याच्या आदल्याच आठवड्यात. शाळा बुडवून यावं तर प्रत्येक मुलामागे आईला वेगळा अन् बाबाला वेगळा ८० पौंड दंड होऊ शकतो, तोही २१ दिवसांत भरला तर, नाहीतर १६०. दादाला दोन मुलं, करा हिशोब.

उन्हाळ्यात सहा आठवडे मिळतात पण तेव्हा नाशकात पाऊस आणि इकडच्या भावंडांच्या शाळा चालू, मग हे दोघं दिवसभर आजीसोबत पत्ते खेळत बसतात. भावंडं एकमेकांना ओळखणार कधी?

तुमच्याकडची परदेशातली पोरं कधी येतात, सांगा ना.