मिनेसोटातलं परसदार, पुण्यातली काळी माती: पॅटिओ, हॉट टब आणि खालची खडी

बावधन, वाघोलीकडे रो-हाउस घेतलेले किंवा मुळशी-पानशेतच्या वाटेवर चार गुंठे घेऊन ठेवलेले पुणेकर इकडच्या, म्हणजे मिनेसोटातल्या, मागच्या अंगणांचे फोटो बघतात आणि विचारतात, ‘असा पॅटिओ (फरसबंदी केलेली बसायची जागा) आणि हॉट टब (गरम पाण्याचा मोठा टब) आपल्याकडे होईल का?’ होईल. पण फोटोत दिसतो तो वरचा सहा सेंटिमीटरचा पेव्हर ब्लॉक. काम टिकणार की नाही ते त्याच्या खालच्या वीतभर थरावर ठरतं. तो थर मिनेसोटात एका कारणासाठी घालतात आणि पुण्यात दुसऱ्याच कारणासाठी घालावा लागतो.

इकडे हिवाळ्यात जमीन गोठते. लाकडी डेकच्या खांबांचा पाया राज्याच्या दक्षिण भागात ४२ इंच आणि उत्तरेत ६० इंच खोल न्यावा लागतो. पेव्हरच्या पॅटिओसाठी एवढं खोल कुणी जात नाही, तो तरंगताच, म्हणजे खोल पायाशिवाय खडीवर टेकलेला ठेवतात. चिकणमातीत अडकलेलं पाणी गोठताना फुगतं, खालून आणखी पाणी ओढून घेतं आणि बर्फाचे थर जमीन वर उचलतात. म्हणून ब्लॉकखाली पाणी न धरणारी खडी हवी, आणि माती खडीत चढू नये म्हणून दोन्हींच्या मध्ये जिओटेक्स्टाइल कापड हवं.

पुण्यात जमीन गोठत नाही, पण काळी माती आहे. पावसाळ्यात ती पाणी पिऊन फुगते आणि एप्रिल-मेमध्ये तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. नुकसान तेच होतं: फरशी एका कोपऱ्यात उचलते, दुसऱ्यात बसते. उपाय मात्र वेगळा आहे. नुसती खडी जाड केली की भागत नाही, काळी माती काढावी लागते. दोन-अडीच फुटांवर मुरूम लागत असेल तर तिथपर्यंत सगळी काढा आणि मुरमाने भरून घ्या. माती त्याहून बरीच खोल गेली असेल तर भरावाची जाडी मातीपरीक्षणावरून ठरवून घ्या, अंदाजाने नको.

हिशेब चार बाय पाच मीटरचा, म्हणजे सुमारे २१५ चौरस फुटांचा करू. दाबून झाल्यावर खडीचा थर १५ सेंटिमीटर, वर अडीच सेंटिमीटर वाळू, त्यावर ६ सेंटिमीटरचा ब्लॉक. एकूण २३.५ सेंटिमीटर खोदकाम. त्यातून पावणेपाच घनमीटर माती निघते आणि मोकळी झाली की सहा घनमीटरच्या आसपास, म्हणजे दोन ब्रासहून (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट) थोडी जास्त होते. ती टाकायची कुठे, हे खोदण्याआधी ठरवा. दाबलेल्या तीन घनमीटर खडीसाठी मोकळी खडी पावणेचार घनमीटर लागते, म्हणजे सव्वा ते दीड ब्रास. काळी माती काढून भरायचा मुरूम याशिवाय वेगळा.

इकडे कुदळ मारण्याआधी ८११ नंबरला फोन करायचा असतो. माणसं येऊन जमिनीवर रंगाच्या रेघा मारून जातात: वीज लाल, गॅस पिवळा, पिण्याचं पाणी निळं, सांडपाणी हिरवं. पुण्यात घराच्या मागे हे काम स्वतःच करा. ड्रेनेजच्या चेंबरपासून चेंबरपर्यंत दोरी ताणा, बोअरची केबल आणि गॅसची लाइन कुठून आली आहे ते बघा आणि फक्कीने आखून ठेवा.

सगळ्यात जास्त कामं बिघडतात ती दाबण्यात. ट्रॉलीभर मुरूम एकदम ओतायचा, वरून पाणी सोडायचं आणि एकदा धुम्मस फिरवायचा, ही पद्धत सोडून द्या. वरचे दोन-तीन इंच घट्ट होतात, खालचा मुरूम पोकळच राहतो आणि पहिल्या पावसाळ्यात बसतो. थर सात ते दहा सेंटिमीटरचा घ्या, प्रत्येक थरावर प्लेट कॉम्पॅक्टर (थरथरत दाबणारं सपाट तळाचं यंत्र) तीन-चार वेळा फिरवा, एकदा उभा, एकदा आडवा. ओल किती हवी? मूठभर मुरूम घट्ट दाबा. गोळा झाला पाहिजे, पण हात ओला व्हायला नको. गोळा होत नसेल तर पाणी शिंपडा, बोटांतून पाणी निघत असेल तर एक दिवस थांबा. थर झाला की बुटाची टाच जोरात मारून बघा. खूण उमटली तर पुढचा थर घालू नका.

उतार घरापासून बाहेरच्या बाजूला, दोन टक्के. चार मीटरला आठ सेंटिमीटर. तो वाळूत काढायचा नाही, खडीच्या थरातच काढायचा. लेव्हलच्या नळीने चारही कोपरे मोजून दोरी बांधा. वाळूने उतार काढला की कुठे एक सेंटिमीटर, कुठे पाच अशी जाडी होते आणि जाड जागी ब्लॉक खचतो. पॅटिओचा माथा प्लिंथच्या (जोत्याच्या) किमान सहा इंच खाली राहू द्या. खालच्या कडेला खडी भरलेली नाली करून पाणी बाहेर काढा, काळ्या मातीत जिरवू नका.

वाळूसाठी इकडची एक साधी युक्ती उचलण्यासारखी आहे. एक इंच बाहेरच्या व्यासाचे दोन पाइप खडीवर समांतर ठेवायचे, मधे वाळू टाकायची आणि सरळ पाटा पाइपांवरून ओढायचा. थर हवा तेवढाच येतो. मग पाइप अलगद उचलून राहिलेल्या चरी थापीने भरायच्या आणि त्या वाळूवर पाय ठेवायचा नाही. वाळू जाड आणि धुतलेली हवी. पुण्यात सर्रास दगडाची डस्ट टाकतात. ती पाणी धरून ठेवते आणि भर पावसात सांध्यांतून वर येते. कडेला काँक्रीटचा बंध घालाच. तो नसेल तर ब्लॉक बाहेर सरकतात आणि सांधे उघडे पडतात.

सांध्यांत इकडे पॉलिमर मिसळलेली वाळू भरतात. ब्लॉक कोरडे असताना झाडायची, कॉम्पॅक्टर फिरवायचा, ब्लॉकवरची धूळ पूर्ण उडवायची आणि मग बारीक फवारा मारायचा. धूळ राहिली तर ब्लॉकवर पांढरट पापुद्रा बसतो आणि तो सहजी निघत नाही. पुण्यात हे काम नोव्हेंबर ते फेब्रुवारीतच काढा. साधी वाळू भरली तरी चालते, फक्त पहिल्या पावसानंतर पुन्हा भरावी लागते. टबाभोवती पॉलिश केलेला कोटा नको, ओल्या पायांना तो घात करतो. खडबडीत शहाबादी उत्तम.

आता टब. सहा जणांचा टब साधारण २.१ मीटर चौरस असतो. रिकामा ४०० किलो, पाणी १५०० लिटर, माणसं ४५० किलो. बेरीज २३५० किलो, म्हणजे चौरस मीटरला ५३० किलोच्या वर. जमिनीला हे वजन जड नाही. जमिनीवर प्रश्न सपाटीचा असतो. एक कोपरा अधांतरी राहिला की टबाचं कवच तडकतं. म्हणून २.४ मीटर चौरस स्लॅब घाला: इकडे १० सेंटिमीटर, पुण्यात सोलिंग (दगडांचा थर) आणि पीसीसीवर (बिनसळईच्या काँक्रीटवर) १२ ते १५, आठ मिलिमीटरची सळई दोन्ही दिशांना २० सेंटिमीटरवर. स्लॅबला उतार द्यायचा नाही. तो ब्लॉकपेक्षा दोन-तीन सेंटिमीटर उंच ठेवा आणि मधे सांधा सोडा. आळी करून निदान सात दिवस पाणी साठवा.

आणि गच्ची. तिथे टब ठेवायचा विचार पुण्यात फार जणांच्या मनात असतो. भारतीय मानक आयएस ८७५ प्रमाणे वापरातल्या गच्चीसाठी चौरस मीटरला सुमारे १५० किलोचा भार धरतात. टबाचा भार त्याच्या साडेतीन पट. स्ट्रक्चरल इंजिनिअरने मूळ नकाशे बघून लेखी दिल्याशिवाय गच्चीवर टब चढवू नका. खाली कुणाचं तरी घर असतं.

अमेरिकेतला टब कंटेनरमधून आणायचा बेतही सोडा. इकडचे २४० व्होल्ट म्हणजे १२० व्होल्टच्या दोन तारा आणि न्यूट्रल. आतली काही उपकरणं १२० वर चालतात आणि ती पुण्याच्या जोडणीत जळतात. शिवाय ६० हर्ट्झचा पंप ५० वर हळू फिरतो. २३० व्होल्ट, ५० हर्ट्झचंच मॉडेल घ्या. तीन किलोवॅटचा हीटर एकटाच १३ अँपिअर खेचतो, वर पंप. त्यामुळे गीझरच्या सॉकेटवर भागत नाही: स्वतंत्र लाइन, ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (वीज गळली की लाइन तोडणारा स्विच), चांगलं अर्थिंग आणि मंजूर भार पुरत नसेल तर महावितरणकडे वाढवण्याचा अर्ज. बंद करायचा स्विच टबातून दिसेल, पण पाण्यापासून पाच फुटांच्या आत नसेल, हा इकडचा नियम पुण्यातही पाळा.

१५०० लिटर पाणी एक अंशाने तापवायला पावणेदोन युनिट लागतात. डिसेंबरात २२ अंशांवरून ३८ वर न्यायला २८ युनिट, म्हणजे तीन किलोवॅटच्या हीटरला नऊ-दहा तास. नंतरचा खर्च झाकणावर अवलंबून असतो. फोम पाणी पिऊन जड झाला की झाकण बदला. ४० अंशांच्या वर कधीच नेऊ नका. गरोदर बायका आणि हृदयरोगी यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय उतरू नये.

पाणी भरताना बोअरचं किंवा टँकरचं टाळा. त्यातल्या जडपणामुळे हीटरवर क्षार बसतात. नळाचं पाणी घ्या आणि तरी पाणी तपासायच्या रंग बदलणाऱ्या पट्टीने तपासा. आधी अल्कलिनिटी (पीएच स्थिर ठेवणारा पाण्याचा गुण) ८० ते १२० पीपीएम, मग पीएच ७.२ ते ७.८. उलटा क्रम केला तर पीएच ठरत नाही. जंतू मारायला घातलेलं ब्रोमिन चार पीपीएमच्या खाली गेलं की कोमट पाण्यात लीजिओनेलासारखे जिवाणू वाढतात. फिल्टर आठवड्याला धुवा, पाणी तीन-चार महिन्यांनी बदला. एप्रिल-मेमध्ये पंपाच्या उष्णतेनेच पाणी तापतं, तेव्हा टब रिकामा करून, पुसून, कोरडा ठेवा. तळाशी राहिलेल्या चार बोटं पाण्यात डेंग्यूचे डास होतात.

टबाच्या पॅनेलच्या बाजूला अडीच-तीन फूट जागा सोडा. चारी बाजूंनी कठडा बांधला की पंप बदलताना कठडा फोडावा लागतो. आणि खडीचा पहिला थर घालण्याआधी घरापासून टबापर्यंत दोन पीव्हीसी पाइप गाडून ठेवा: एक केबलसाठी, एक रिकामा, आत नायलॉनची दोरी ओवलेला, दोन्ही तोंडं बुचाने बंद केलेली.