उत्तर द्यायच्या आधी तो बेंचकडे बघत होता

मी फुटबॉलच्या युथ लीगच्या मॅचेसना रेफरी असतो. चौदा वर्षांखालच्या मुलांच्या एका मॅचचा रिपोर्ट पाठवून झाला, निकालही आला, तरी ती मॅच डोक्यातून जात नाहीये म्हणून लिहितोय.

बाहेरच्यांना माहीत नसतं की शेवटची शिट्टी वाजली तरी आमचं काम संपत नाही. लाल कार्ड दाखवलं की रिपोर्ट आला, आणि त्यात "कोचने अपशब्द वापरले" एवढं लिहून भागत नाही. तोंडातून जो शब्द आला तोच जसाच्या तसा लिहायचा, कुठल्या मिनिटाला, कोणाला उद्देशून, तो कुठे उभा होता, मी किती लांब होतो, सगळं. गुळमुळीत लिहिलं की शिस्तपालन कमिटीपुढे केस उभीच राहत नाही. हे लिखाण मी मनापासून करतो, आणि त्याचा कंटाळा येणाऱ्या रेफरींनी तक्रारी करू नयेत असं माझं स्पष्ट मत आहे.

तर या मॅचमधल्या एका टीमचा कोच. शिवी नाही, आरडाओरडा नाही, टेक्निकल एरियाच्या, म्हणजे बेंचपुढच्या आखलेल्या जागेच्या, बाहेर पाऊल नाही. २०१९ पासून कोचलाही पिवळं-लाल कार्ड दाखवता येतं, रागाने बाटलीला लाथ मारली किंवा रेफरीकडे बघून खवचट टाळ्या वाजवल्या तरी पिवळं मिळू शकतं. याने त्यातलं काहीच केलं नाही. पण त्यांच्या लेफ्ट बॅकचा, म्हणजे डावीकडच्या बचावपटूचा, आपल्याच गोलकडे मागे दिलेला एक पास चुकला, गोलही झाला नाही, नुसता कॉर्नर गेला, आणि याने लगेच त्याला बदलायला सांगितलं. पोरगं बाहेर आलं तर हा त्याच्याकडे पाठ करून उभा. एक शब्द नाही. बेंचवरच्या पोरांनीही त्याला सरकून जागा दिली नाही, तो पार टोकाला जाऊन गवतात बसला. युथ मॅचेसमध्ये बाहेर गेलेला खेळाडू परत आत येऊ शकतो, तसं याला थोड्या वेळाने परत पाठवलं. तेव्हापासून मी त्याच्या मानेकडे बघत होतो. चांगला खेळाडू बॉल पायात यायच्या आधी मान वळवतो, समोरचा कुठे आहे, मोकळं कोण आहे हे बघायला, ते शिकवावंच लागतं. याची मान प्रत्येक वेळी वळायची ती फक्त बेंचकडे.

सेकंड हाफमध्ये कॉर्नरवर दोन डोकी एकमेकांवर आपटली. आवाज मला ऐकू आला, मी तिथल्या तिथे मॅच थांबवली. समोरच्या टीमचा मुलगा डोकं धरून बसला आणि हा लेफ्ट बॅक चटकन उठून उभा राहिला, इतका चटकन की मला तेच खटकलं. उठला आणि अर्धं पाऊल बाजूला गेला. मी गुडघ्यावर बसलो, त्यालाही बसवलं. आमच्याकडे ठरलेले साधे प्रश्न असतात, आपण कुठल्या ग्राउंडवर आहोत, आत्ता कुठला हाफ चाललाय, शेवटचा गोल कोणी केला. मी विचारलं, "बाळा, कुठला हाफ चाललाय?" तर त्याने माझ्या खांद्यावरून बेंचकडे बघितलं. उत्तर द्यायच्या आधी. मग म्हणाला, "मी ठीक आहे सर." मी परत विचारलं तर म्हणाला, "पहिला."

विषय संपला. डोक्याच्या दुखापतीत शंका आली तरी खेळाडू बाहेर, आणि त्या दिवशी परत आत नाही, यात घासाघीस नसते. मी कोचला तसं सांगितलं. तो मैदानात चालत आला, "सर, तो ठीक आहे म्हणतोय ना? माझ्या पोरांना मी ओळखतो, तुम्ही शिट्टी वाजवा." मी त्याला बाहेर जायला सांगितलं, तर तो माझ्या तोंडाजवळ येऊन ओरडायला लागला. रेफरीशी भिडायला आत येणं म्हणजे थेट लाल. दाखवलं. साईडलाईनवरच्या काही पालकांनी टाळ्या वाजवल्या, मला नाही, त्याला. ज्यांच्या पोराला हाफ कुठला तेही सांगता येत नव्हतं, त्यांच्याच टीमचे पालक.

आता पेच असा की फर्स्ट एडची बॅग त्याच्याकडे, आणि त्याचा मदतनीस स्वतःच शाळकरी पोरगा. दुसरा मेडिकलचा माणूस नसेल तर लाल मिळालेल्या मेडिकल स्टाफला थांबायची मुभा नियमात आहे, पण हा कोच होता, बॅग हातात असली म्हणून त्याला मेडिकल धरायला मी तयार नव्हतो. समोरच्या टीमच्या कोच बाई स्वतःचा मुलगा सांभाळत होत्या, त्यांनी कोणी न सांगता याला पण शेजारी बसवलं, नाव विचारलं, "आईबाबा आलेत का?" विचारलं. त्याचे बाबा पलीकडे उभे होते, त्यांना बोलावून घेतलं, आणि आत्ताच्या आत्ता डॉक्टरकडे न्या म्हणून सांगितलं. उरलेल्या पोरांबरोबर थांबायला जबाबदार मोठं माणूस नव्हतं, म्हणून मी मॅच तिथेच संपवली. कोच कसा असावा यावर मोठमोठे कोर्स करण्यापेक्षा त्या बाईंना ती पाच मिनिटं बघायला हवं होतं.

रिपोर्टमध्ये मी सगळं लिहिलं. पाठ फिरवली ते, गवतात बसला ते, मान वळत होती ते, "पहिला" म्हणायच्या आधी कुठे बघितलं ते. निकाल आला, कोचवर काही मॅचेसची बंदी, कारण काय तर मैदानात येऊन रेफरीशी गैरवर्तन. मुलाबद्दल एक ओळ नाही. फोन करून विचारलं तर उत्तर मिळालं, "सब, म्हणजे बदली, कोणाला करायचं तो कोचचा निर्णय, आणि तो मुलाला काही बोलला असं तुम्हीच लिहिलेलं नाही."

इथेच मी अडकलोय. कमिटीतली माणसं वाईट नाहीत, पण त्यांची सगळी सवय रेफरीला वाचवण्याची आहे. इंग्लंडमध्ये २००८ साली रिस्पेक्ट मोहीम सुरू झाली तिचाही मोठा भर रेफरीला होणाऱ्या शिवीगाळीवर होता, आणि ते गरजेचंच होतं, मला त्याचा फायदा झालाय. पण माझ्यावर ओरडला ते मी घरी जाऊन विसरतो. तेरा वर्षांचं पोर डोक्याला मार लागलेला असताना कोचच्या धाकाने ठीक आहे म्हणतं, हा धाक एका दिवसात बसलेला नसतो, आणि आपल्या आचारसंहितेत "खेळाडूंचा आदर राखावा" एवढी एक ओळ आहे, ती मोडली हे सिद्ध कसं करायचं ते कुठेच लिहिलेलं नाही. फिफाने २०१९ मध्ये मुलांच्या सुरक्षेसाठी सगळ्या असोसिएशन्सना मार्गदर्शन दिलं, मानसिक छळ हाही छळच असं त्यात धरलंय. आमच्या फॉर्ममध्ये मात्र "नेमके शब्द" असा रकाना आहे आणि शब्द नसतील तर तो रिकामा राहतो.

आमचे एक सीनियर म्हणाले, "आपलं काम नियमांचं, पोरांच्या मनात शिरायचं नाही." मला हे पटत नाही. मी मनात कुठे शिरलो, मी मान बघितली, आणि ती दिसत होती.

बालसुरक्षा बघणाऱ्या अधिकाऱ्यांना मी वेगळं पत्र दिलंय की रिपोर्टमध्ये मुलांशी वागणुकीचा स्वतंत्र रकाना हवा, शब्द नसले तरी काय दिसलं ते मिनिटासकट लिहिता येईल असा. उत्तर यायचंय. बंदी संपल्यावर त्या टीमची पहिली मॅच कोणाकडे आहे ते मी शोधून काढलं आणि त्या रेफरीला फोन केला, म्हटलं लेफ्ट बॅकच नाही, सगळ्याच पोरांच्या माना कुठे वळतात ते बघ, आणि मिनिटं टिपून ठेव.