आठाचा आकडा आणि क्लचवरचा पाय

चारचाकीच्या पक्क्या परवान्याच्या पहिल्या चाचणीत मी नापास झाले, आणि ते आठाच्या आकड्याच्या डाव्या वळणावर. पहिले, उजवीकडचे वळण व्यवस्थित पार पडले होते. मधल्या फुलीवरून गाडी डावीकडे वळवताना वेग जरासा वाढला, हात घाईने स्टिअरिंग फिरवू लागले आणि मागचे डावे चाक आखलेल्या रेषेवरून गेले. निरीक्षकांनी शांतपणे गाडी बाजूला घ्यायला सांगितली. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे आणि गावाला जाणाऱ्या एका एसटीवर माझी रोजची हजेरी अवलंबून असते, त्यामुळे हा परवाना माझ्यासाठी हौसेचा विषय नव्हता.

नापास झाल्यावर किमान 7 दिवस पुन्हा चाचणी देता येत नाही. मी मात्र तीन आठवड्यांनंतरची तारीख घेतली. शिकाऊ परवान्याची 6 महिन्यांची मुदत संपायला अजून वेळ होता. माझे दीर अनेक वर्षे कापसाचा टेम्पो चालवतात. मे महिन्यात गावाजवळच्या जिनिंगचे, म्हणजे कापसातून सरकी काढणाऱ्या कारखान्याचे, पटांगण मोकळे असते, तिथे मालकांच्या परवानगीने त्यांनी फक्कीने आठ आखून दिला, वळणांवर विटा मांडल्या आणि रोज सकाळी ऊन चढण्याआधी ते माझ्या शेजारी बसू लागले.

पहिल्या दिवशी त्यांनी मला स्टिअरिंग फिरवूच दिले नाही. "वहिनी, आधी नुसती सरळ चालवा, पण माणूस चालतो त्या चालीनं," एवढेच ते म्हणाले. पहिला गिअर टाकून क्लच हळूहळू सोडत गेले की एका ठिकाणी इंजिनाचा आवाज जड होतो, पायाखाली बारीक थरथर जाणवते आणि गाडी निघू पाहते. तिथे टाच जमिनीला टेकवून पाय क्षणभर स्थिर ठेवायचा आणि मग उरलेला क्लच सावकाश सोडायचा. सपाट जमिनीवर ॲक्सिलरेटरला पाय लावण्याची गरजच पडत नाही, गाडी इंजिनाच्या स्वतःच्या जोरावर सरकत राहते. वेग जास्त वाटला तर क्लच थोडा दाबायचा, त्यानेही भागले नाही तर ब्रेकला हलका स्पर्श करायचा. हे अंगवळणी पडायला मला चार सकाळी लागल्या, आणि त्यानंतरच लक्षात आले की चाचणीच्या दिवशी माझा हात चुकलाच नव्हता. पायाने वेग वाढू दिला म्हणून हाताला वळण घ्यायला वेळ उरला नव्हता.

स्टिअरिंगचे पुढचे शिक्षण त्यामुळे सोपे गेले. घड्याळातील नऊ आणि तीनच्या जागी हात ठेवायचे, उभ्या गाडीत स्टिअरिंग ओढायचे नाही, चाके फिरत असतानाच ते कापायचे, म्हणजे वळवायचे. वळताना मागची चाके पुढच्या चाकांच्या मार्गाने जात नाहीत, ती आतल्या बाजूने जातात. आपण उजवीकडे बसत असल्यामुळे डावे मागचे चाक दिसत नाही, म्हणून डाव्या वळणावर गाडी बाहेरच्या रेषेजवळ ठेवायची आणि अधूनमधून डाव्या आरशात पाहायचे. माझी आणखी एक खोड त्यांच्या नजरेतून सुटली नाही. स्टिअरिंगवरचे चिन्ह सरळ दिसले की चाके सरळ झाली असे मी धरून चालत असे. प्रत्यक्षात एक पूर्ण वेढा शिल्लक असला तरी ते चिन्ह तसेच सरळ दिसते. तेव्हापासून मी वेढे मनात मोजू लागले. नजर बॉनेटवर न ठेवता पुढच्या विटेवर ठेवली की हात आपोआप तिकडे जातो, हेही तिथेच उमगले.

रिव्हर्सला दोन सकाळी पुरल्या. मागे जाताना ज्या बाजूला स्टिअरिंग कापू त्या बाजूला गाडीची मागची बाजू जाते आणि पुढचे तोंड उलट बाजूला फिरते, एवढे पक्के ध्यानात ठेवले. चढाचा सराव मात्र जिनिंगच्या वजनकाट्याच्या उतारावर पुष्कळ वेळा केला: हँडब्रेक लावलेला, क्लच त्या थरथरीच्या जागी, ॲक्सिलरेटर किंचित दाबलेला, आणि बॉनेट जरा वर उचलल्यासारखे वाटले की मगच हँडब्रेक सोडायचा. तो आधी सोडला की गाडी मागे घसरते.

दुसऱ्या चाचणीला माझ्या पुढे अकरा जण होते. माझी पाळी आली तेव्हा मी एसी बंद केला, आसन पुढे ओढून क्लच पूर्ण दाबला जातो याची खात्री केली आणि आरसे लावले. आठाच्या फुलीवर आल्यावर क्लच थोडा दाबून चाल आणखी मंद केली, डावीकडे कापताना आरशात पाहिले. मागचे चाक आणि रेषा यांच्यामध्ये वीतभर जागा होती.