शेवटचा कर्णा, पण कुठला?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितो. बायबलच्या नव्या करारात पौल हा प्रेषित करिंथकरांना लिहितो की शेवटचा कर्णा वाजेल तेव्हा मेलेले उठतील; आणि त्याच कराराच्या शेवटच्या पुस्तकात, प्रकटीकरणात, एकामागून एक सात कर्णे वाजतात. प्रश्न बहुतेक वेळा असाच येतो: "पौल ज्याला 'शेवटचा कर्णा' म्हणतो, तो प्रकटीकरणातला सातवा कर्णा की ज्यूंच्या नववर्षाला फुंकतात त्यातला शंभरावा?" दोन्ही उत्तरं ठासून सांगणारे व्हिडिओ भरपूर आहेत. मला दोन्ही पटत नाहीत. पण आधी 'कर्णा' या शब्दातला घोळ सोडवू.

'कर्णा' वाचलं की आपल्या डोळ्यांपुढे धातूचं वाद्य येतं. 'शिंग' म्हटलं तरी आपलं शिंग तांब्या-पितळेचंच. हिब्रूत मात्र ही दोन वेगळी वाद्यं आहेत. शोफार म्हणजे खरंखुरं जनावराचं शिंग. हत्सोत्सरा म्हणजे चांदी ठोकून घडवलेली सरळ नळी. हत्सोत्सरांचा वापर बायबलमधल्या गणना या पुस्तकाच्या १०व्या अध्यायात नेमून दिलाय: दोन्ही लांब सुरात वाजले तर सगळी मंडळी दर्शनमंडपाच्या, म्हणजे उपासनेच्या तंबूच्या, दाराशी, एकच वाजला तर फक्त सरदार. तुटक गजर झाला की पूर्वेकडच्या छावण्यांनी कूच करायचं, दुसऱ्या गजराला दक्षिणेकडच्यांनी. फुंकायचे ते याजकांनीच, म्हणजे पुरोहितांनीच. रोममधल्या टायटसच्या कमानीवर, इ.स. ७० मध्ये जेरुसलेमहून लुटून नेलेल्या सामानात, हे कर्णे कोरलेले दिसतात.

जेरुसलेमचं मंदिर होतं तोवर नववर्षाला दोन्ही वाद्यं एकत्र वाजत. मिश्ना, म्हणजे ज्यूंचा जुना नियमग्रंथ, सांगते की मधोमध रानबोकडाच्या सरळ शिंगाचा, तोंडाला सोनं मढवलेला शोफार आणि दोन्ही बाजूंना चांदीचे कर्णे. शोफार लांबवायचा, कर्णे आखडते घ्यायचे, कारण त्या दिवसाची आज्ञा शोफारची. उपासाच्या दिवशी उलट: कर्णे मधे आणि लांब, शोफार बाजूला आणि आखूड. मंदिर गेलं, चांदीचे कर्णे गेले, शिंग तेवढं राहिलं.

हे शिंग कसलंही चालत नाही. मेंढ्याचं उत्तम, येमेनी ज्यू कुडू हरणाचं लांब पिळाचं वापरतात. गाईबैलाचं बाद. सांबराचं तर शिंग पोकळच नसतं, सबंध हाड. मेंढ्याच्या शिंगात आत हाडाचा गाभा असतो. तो काढला की टोकाकडचा भरीव भाग उरतो. तो थोडा कापून पोकळीपर्यंत भोक पाडायचं. इथेच काम बिघडतं: भोक पोकळीच्या रेषेत गेलं नाही तर बाजूची भिंत फुटते. दोन तुकडे चिकटवून केलेला शोफार बाद, आणि शिंगाच्या अंगाला पडलेलं भोक बुजवल्यावर सूर अडत असेल तरीही बाद. लांबी निदान मुठीत धरून दोन्हीकडून दिसेल इतकी. सूर साफ यावा म्हणून आत पाणी किंवा दारू घालून खळबळायला मिश्नाची परवानगी आहे.

फुंकताना गाल फुगवून जोर लावणारा हमखास फसतो. ओठ घट्ट मिटून, त्यांची थरथर शिंगात सोडायची असते, तुतारीसारखीच. शिंग बहुधा तोंडाच्या उजव्या कोपऱ्याला लावतात. आत वाफ साचली की सूर गुरगुरतो.

सूर तीन. तेकिआ, एक सलग लांब हाक. शेवारिम, तीन तुटलेले कण्हल्यासारखे. तेरुआ, निदान नऊ बारीक हुंदके. मुळात पवित्र शास्त्रात 'तेरुआ' एवढाच शब्द आहे. जुन्या अरामी भाषांतरात त्याचा अर्थ 'विलाप', आणि शास्ते ५ मध्ये इस्राएलचा शत्रू-सेनापती सीसरा याची आई खिडकीतून पाहत रडते तिथेही त्याच अर्थाचं क्रियापद धरलंय. आता हे रडणं कण्हण्याचं की हुंदक्यांचं? कैसरिया गावच्या रब्बी (ज्यू धर्मगुरू) अब्बाहूंनी वाद मिटवला नाही, तिन्ही शक्यता वाजवायला लावल्या: आधी कण्हणं व हुंदके दोन्ही, मग नुसतं कण्हणं, मग नुसते हुंदके. प्रत्येकाच्या आगेमागे तेकिआ. पहिला प्रकार चार सुरांचा, पुढचे दोन तीन-तीन सुरांचे, प्रत्येक तीनदा. हिशेब १२, ९ आणि ९, एकूण ३०. तेकिआ मधल्या सुरापेक्षा आखूड पडता कामा नये. पहिल्या प्रकारात मधे शेवारिम आणि तेरुआ मिळून १८ मात्रा होतात, म्हणून तिथली तेकिआही तेवढी ओढावी लागते. दमछाक होते ती तिथेच. शत्रूच्या आईचं रडणं वर्षातल्या सर्वांत पवित्र सुराचं माप ठरावं, याचं मला अजून नवल वाटतं.

आता तुमचा शंभरावा. बंधनकारक ३०च आहेत. शंभर हा रिवाज आहे, आणि त्याचा ठळक उल्लेख मध्ययुगातला, अकराव्या शतकातल्या 'आरूख' या कोशाच्या नावावर सांगितला जातो. करिंथकरांना पत्र गेलं साधारण इ.स. ५३ ते ५५ मध्ये. म्हणजे पौलाच्या डोक्यात शंभरावी फुंक होती असं म्हणणं म्हणजे नातवाच्या बारशाचे पेढे आजोबांच्या मुंजीत वाटणं.

सातव्या कर्ण्याचीही तीच अडचण. प्रकटीकरण बहुतेक अभ्यासक इ.स. ९५ च्या आसपास धरतात, पौलाच्या पत्रानंतर चाळीसेक वर्षांनी. शिवाय दोन्हींचं काम वेगळं. पौलाचा कर्णा मेलेल्यांना उठवतो. प्रकटीकरणातले पहिले सहा गारा, रक्त, कडू पाणी, अंधार, टोळ आणि फरात नदीवरचं घोडदळ आणतात, म्हणजे मिसरातल्या पीडांचीच बरीचशी उजळणी. सातवा वाजल्यावर जगाचं राज्य प्रभूचं झाल्याची घोषणा होते. सातांची मांडणी मला यरीहो शहराच्या वेढ्याची वाटते: सात याजक, सात शिंगं, सातव्या दिवशी सात फेरे, मग भिंत कोसळते.

मग 'शेवटचा' का? पौल ग्रीकमध्ये लिहीत होता, आणि पवित्र शास्त्राच्या ग्रीक भाषांतरात शोफार व हत्सोत्सरा दोघांनाही बहुधा एकच शब्द वापरलाय, साल्पिंक्स. म्हणून वाद्यावरून काही ठरत नाही. पण यशया २७ मध्ये मोठा शोफार वाजतो आणि परागंदा झालेले परत येतात, आणि निर्गम १९ मध्ये सीनाय पर्वतावर शोफारचा आवाज वाढतच जातो. माझ्या मते पौलाचा 'शेवटचा' हा यादीतला क्रमांक नाही. हाका मारून लोकांना गोळा करणाऱ्या या जुन्या सुराचा तो शेवट आहे.

कोकणातले ज्यू, म्हणजे बेने इस्राएल, या नववर्षाला 'नव्याचा सण' म्हणत. तो सप्टेंबर-ऑक्टोबरात येतो. सभास्थानात जाऊन शोफार ऐकायचा असेल तर आधी ज्यू पंचांग बघा: पहिला दिवस शनिवारी आला तर त्या दिवशी फुंकत नाहीत, शब्बाथला, म्हणजे विश्रांतीच्या शनिवारी, कोणी शिंग हातात घेऊन रस्त्याने जाऊ नये म्हणून. दुसऱ्या दिवशी जा.