सोळा टक्क्यांची पंगत

लेकाच्या स्पीच थेरपीचे शाळेने एक डॉलरही घेतले नाहीत, हे फोनवर सांगितल्यावर आई म्हणाली, "सरकार देतंय ना, मग सगळ्यांनाच मिळत असेल." मलाही तसंच वाटायचं. मग एकदा इथल्या, पेनसिल्व्हेनियातल्या, आमच्या स्कूल डिस्ट्रिक्टच्या, म्हणजे आमच्या भागातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या स्थानिक संस्थेच्या, बजेट मीटिंगला जाऊन बसले.

१९७५च्या अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यामुळे विशेष शिक्षण लागणाऱ्या मुलाच्या आयईपीत, म्हणजे त्याच्यासाठी शाळेने आखलेल्या लेखी योजनेत, जे लिहिलं असेल ते शाळेला फुकट द्यावंच लागतं. पैशाचं काय? एका विद्यार्थ्यामागच्या सरासरी खर्चाच्या ४० टक्क्यांपर्यंत केंद्र देईल असं तेव्हा ठरलं होतं. सध्या त्याच्या निम्मेही येत नाहीत. उरलेलं राज्याने द्यायचं, आणि त्यातूनही उरलं की आमच्या घरपट्टीतून. (इथल्या घरपट्टीतला मोठा वाटा शाळाच नेते. बिल बघून नवरा दरवर्षी तेच बोलतो.)

राज्याचा वाटा ठरवायची जुनी रीत ऐकून मी चाटच पडले. या राज्यात ५०० डिस्ट्रिक्ट आहेत, आणि प्रत्येकात सोळा टक्के मुलांना विशेष शिक्षण लागतं असं गृहीत धरून १९९१ पासून वीसेक वर्षं पैसे वाटले गेले. पानं न मोजताच वाढप! एखाद्या गरीब गावात अशी मुलं वीस टक्के असली तरी हिशेब सोळाचाच, आणि श्रीमंत उपनगरात बारा टक्के असली तरी सोळाचाच. शिवाय आठवड्यातून अर्धा तास थेरपी घेणारा माझा मुलगा आणि दिवसभर सोबत नर्स लागणारं मूल, दोघं कागदावर जवळपास सारखीच.

२०१४ साली कायदा बदलला. आता मुलं खरोखर मोजतात आणि खर्चाप्रमाणे त्यांचे तीन गट पाडतात. सुरुवातीला पहिला गट २५ हजार डॉलरच्या आतला होता आणि तिसरा ५० हजारांच्या वरचा. गाव किती गरीब आहे, तिथले लोक आधीच किती कर भरतात, हेही बघतात.

पण मेख पुढेच आहे. नवा हिशेब लागतो तो फक्त २०१३-१४ नंतर वाढलेल्या पैशाला. त्याआधी ज्याला जेवढं मिळत होतं तेवढं त्याला मिळतच राहतं. कुणाचं कमी करायचं म्हटलं तर तिथला आमदार ओरडणार, हे काही तुम्हाला समजावून सांगायला नको.

आमचं डिस्ट्रिक्ट खाऊनपिऊन सुखी. जुनी रक्कम कायम राहणार असं त्या दिवशी सांगितलं, तेव्हा कुणी हरकत घेतली नाही. मीही नाही.