हवा कुठून शिरत होती?

द्राक्षबागेत फवारणीसाठी वापरला जाणारा आमचा जुना छोटा ट्रॅक्टर सुरू झाल्यावर पाचेक मिनिटांत हिसके देत बंद पडू लागला, तेव्हा अनेकांनी थेट डिझेल पंप (इंजिनला डिझेल पुरवणारा पंप) उतरवण्याचा सल्ला दिला. मला तो घाईचा वाटला. आधी टाकीपासून पंपापर्यंतची वाट तपासावी, असे माझे ठाम मत आहे. डिझेलमध्ये हवा शिरली तरी इंजिन असेच बंद पडते. फिल्टरवरचा एअर स्क्रू (आतली हवा बाहेर सोडण्याचा स्क्रू) सैल करून, डिझेल हाताने पुढे ढकलणारा छोटा हातपंप मारला, तर कितीही वेळ डिझेलसोबत बुडबुडे येतच राहिले, म्हणजे हवा पंपाच्या अलीकडेच ओढली जात होती. टाकीकडून येणाऱ्या नळीच्या सांध्यावर मागच्या दुरुस्तीत तांब्याचे जुनेच वॉशर पुन्हा बसवले होते; हवा तिथूनच शिरत होती. नवे वॉशर बसवून, स्वच्छ धार येईपर्यंत हवा काढली. आता फवारणीचा अख्खा फेरा इंजिन न अडखळता पूर्ण करते.